त्याची भूक नव्हे, गुडघा गेला होता

एक दुपार सोडली तर, गेली तेरा वर्षं मी एका माणसाबद्दल तोंड बंद ठेवून बसले आहे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे ज्यांनी माझ्याबरोबर मंडळाच्या गणपतीचं काम केलंय त्यांना चांगलंच ठाऊक आहे. पण फिजिओथेरपिस्टने पेशंटच्या शरीराबद्दल बाहेर बोलायचं नसतं. लोक त्याच्याबद्दल खोटं बोलत असले तरीही नाही. आता त्या पेशंटने स्वतःच्या हाताने मला पत्र लिहून परवानगी दिली आहे. पत्र चार ओळींचं आहे आणि त्यातली एक ओळ आहे, ‘सगळं लिही.’

मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे ‘फुटबॉल क्लबमधले गमतीदार किस्से’ मागितले होते. किस्से आहेत. आमच्या एका गोलकीपरने मोडलेलं बोट तीन दिवस खिशात लपवून ठेवलं होतं. जेवायलाही डाव्या हाताने जेवायचा. मी त्याच्या वाढदिवसाला मुद्दाम शेकहँडसाठी हात पुढे केला तेव्हा कुठे सापडला. दुसरा एक डिफेंडर माझ्याकडून घोट्याला पट्टी बांधून घेताना डोळे मिटून आजीचं नाव पुटपुटायचा, आणि मध्ये कोणी बोललं तर सगळी पट्टी सोडून पुन्हा बांधायला लावायचा. माझ्या पहिल्याच दिवशी एका खेळाडूने मला, ‘दूध जास्त, साखर नको,’ असं सांगून चहाचा मग हातात दिला होता. मी चहा करून आणला, त्याच्यासमोर बसून स्वतः प्यायले आणि म्हटलं, ‘आता झोप टेबलावर, तुझी कंबर बघू.’ पुढे तोच माझा सगळ्यात आज्ञाधारक पेशंट झाला.

पण किस्से सांगून हसवायची आज माझी इच्छा नाही. मी चिडलेली आहे, आणि का चिडले आहे ते सांगणार आहे.

नागपूरला पदवी, मग ग्लासगोला मास्टर्स, तिथेच हाडांच्या वॉर्डात आठ वर्षं नोकरी. लग्नानंतर लंडनला, हॅरोला आले आणि एका मोठ्या क्लबात लागले, ती मागच्या वर्षी निवृत्त होईपर्यंत. क्लबचं नाव लिहीत नाही. वकिलांची पत्रं मला आता नवीन नाहीत, पण ती मंडळाच्या पत्त्यावर यायला नकोत.

फुटबॉल क्लबातली फिजिओ म्हणजे मालिश करणारी बाई, असं आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं. मालिश हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम म्हणजे ‘नाही’ म्हणणं. खेळाडूला खेळायचं असतं, मॅनेजरला तो हवा असतो, साठ हजार लोकांनी तिकिटं काढलेली असतात, आणि एका खोलीत एक बाई टेप घेऊन त्याच्या मांडीचा घेर मोजत असते. दुखरी मांडी दुसरीपेक्षा बारीक भरली की अजून ताकद आलेली नाही. एका पायावर उडी मारायला लावायची, दोन्ही पायांचं अंतर मोजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावर बोट दाबून आत पाणी हलतंय का बघायचं. यात जादू काही नाही. टेप खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच ती कोणाला आवडत नाही.

आन्सेल्मो आमच्याकडे आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा स्ट्रायकर. पोर्तुगालच्या सीमेजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील बुचाच्या झाडांची साल काढायचे, जिच्यापासून बाटल्यांची बुचं होतात. तीन सीझन त्याने या शहराला वेड लावलं. तो फार वेगवान नव्हता. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे थांबणं. पूर्ण वेगात धावताना गोलसमोर तो अर्धा सेकंद थांबायचा. समोरचा डिफेंडर वेगात पुढे निघून जायचा, गोलकीपर आडवा पडायचा, आणि मग हा शांतपणे बॉल जाळ्यात ढकलायचा. हॅरोतल्या निम्म्या मुलांच्या पाठीवर त्याचं नाव होतं. आमच्या मंडळातले शिरीष, फायनान्समधले, सीझन तिकीटवाले, त्यांनी तर मंडळाच्या कोजागिरीला त्याचं स्टेडियममधलं गाणं म्हटलं होतं.

टेबलावर झोपलेला आन्सेल्मो मात्र वेगळाच होता. लाजाळू. इंग्रजी बेताचं. मी त्याच्याकडून स्पॅनिश शिकले ते तिथेच, त्यामुळे मला शरीराचीच स्पॅनिश येते. दुखतं, सूज, वाकव, सोड, अजून थोडं. त्याने माझ्याकडून ‘चला’ उचललं होतं. माझ्या ‘वृंदा’चं त्याने ‘वृन’ केलं होतं; बॉल घेऊन मैदानात उतरताना म्हणायचा, “चाला, वृन!” दर रविवारी तो वडिलांना फोन करायचा. वडील फार बोलत नसत. गोल कसा झाला ते विचारायचे आणि शेवटी, “डोकं जमिनीवर ठेव,” एवढंच म्हणायचे.

चौथ्या सीझनमध्ये, फेब्रुवारीत, त्याच्या डाव्या गुडघ्यातली गादी फाटली. ऑपरेशन झालं, फाटलेला तुकडा काढला. ही गादी म्हणजे दोन हाडांमधली उशी. ती कमी झाली की हाडांवरच्या गुळगुळीत थरावर सगळा भार येतो, आणि तो थर एकदा झिजला की परत येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर मांडीत ताकद येईपर्यंत थांबायचं असतं. पाचव्या आठवड्यात त्याच्या डाव्या पायाची उडी उजव्याच्या जेमतेम पाऊणपट होती आणि रोज सकाळी गुडघ्यात पाणी असायचं. मी दिवसाच्या तक्त्यावर लिहिलं, ‘खेळण्यास अयोग्य. किमान तीन आठवडे.’ खाली सही केली.

त्या शनिवारी मोठा सामना होता. हरलो असतो तर पुढच्या वर्षी युरोपियन स्पर्धेत खेळायला मिळालं नसतं. शुक्रवारी दुपारी मॅनेजर ट्रीटमेंट रूममध्ये आला, बरोबर क्लबचा डॉक्टर. आन्सेल्मो टेबलावर बसलेला, मी टेप गुंडाळत होते.

“चालतोय ना तो?” मॅनेजरने मला विचारलं.

“चालायला काय, चालतोच. खेळू शकत नाही.”

“डॉक्टर म्हणतो पाणी काढून एक इंजेक्शन दिलं तर सत्तर मिनिटं निघतील.”

“सत्तर मिनिटं दुखणार नाही. नुकसान व्हायचं ते होईलच. दुखणं हाच त्याचा ब्रेक आहे, तो तुम्ही काढून टाकताय.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता. मॅनेजर हसला. “वृंदा, माझ्याकडे अकरा माणसं आहेत आणि तुझ्याकडे एक टेप आहे.” मग तो आन्सेल्मोकडे वळला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बेटा, मी जबरदस्ती करणार नाही. निर्णय तुझा.”

आन्सेल्मोने माझ्याकडे पाहिलं. त्याची ती नजर मी विसरलेले नाही. “वृन, तू काय म्हणतेस?”

हा प्रश्न त्याने मला सगळ्यांसमोर विचारला. मी तक्त्यावर ‘अयोग्य’ लिहिलेलं होतं. दोन मिनिटांपूर्वी मॅनेजरला तोंडावर बोलले होते. पण आता मॅनेजर माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात सगळं होतं. त्याच महिन्यात आमच्यातल्या एका फिजिओला त्याने ‘नकारात्मक’ म्हणून ज्युनियर टीमकडे पाठवलं होतं. मी मुख्य टीमच्या त्या मजल्यावर पोचलेली पहिली बाई होते, पहिली भारतीयही. मला ती खोली सोडायची नव्हती.

मी म्हटलं, “निर्णय तुझा आहे.”

मॅनेजरचंच वाक्य मी उचलून त्याला परत दिलं. आन्सेल्मोने मान हलवली आणि टेबलावर आडवा झाला. डॉक्टरने सुई काढली.

त्या शनिवारी त्याने दोन गोल केले. स्टेडियम हादरलं. शिरीषनी मला मेसेज केला, ‘वहिनी, तुमच्या हातात जादू आहे!’ मी तो वाचून बाथरूममध्ये जाऊन बसले.

मग तेच होत राहिलं. दर आठवड्याला पाणी काढायचं, इंजेक्शन द्यायचं, सामना. पाच सामने. मी दर वेळी तक्त्यावर ‘अयोग्य’ लिहीत गेले आणि दर वेळी तो खेळत गेला. उन्हाळ्यात स्कॅन झाला तेव्हा गुडघ्यातला गुळगुळीत थर दोन ठिकाणी साफ गेला होता. स्पेनच्या संघातून त्याचं नाव गळालं. डॉक्टर म्हणाला, “दुर्दैव.” मला आजही त्या शब्दाची चीड येते. ते दुर्दैव नव्हतं. ते कॅलेंडरवर आखून केलेलं काम होतं.

एकदा टेबलावर पडल्या पडल्या आन्सेल्मो मला म्हणाला, “माझे वडील एकदा साल काढलेल्या झाडाला नऊ वर्षं हात लावत नाहीत. झाडावर आकडा रंगवून ठेवतात. मालक कितीही मागे लागला तरी नाही.” मग म्हणाला, “इथे आकडा तू रंगवतेस, पण वाचत कोणी नाही.” तो मला टोमणा मारत नव्हता. म्हणून जास्त लागलं.

पुढचा सीझन. फुटबॉल बघणाऱ्यांना बॉल मारणारा पाय दिसतो. पण गोल होतो तो उभ्या पायावर. उजव्या पायाने मारायचं तर डावा पाय जमिनीत रोवावा लागतो, आणि अख्खं शरीर त्यावर फिरतं. आन्सेल्मोचं ते प्रसिद्ध थांबणंही डाव्या पायावरचं. नोव्हेंबरमध्ये एका सामन्यात गोलकीपर पडलेला, समोर जाळं मोकळं, बॉल पायाशी. त्याने डावा पाय टेकवला, गुडघ्याने दगा दिला आणि बॉल बाहेर गेला. टीव्हीवर तो क्षण हजार वेळा दाखवला. मी बेंचवरून पाहिलं होतं. बॉल कुठे गेला ते मी बघितलंच नाही, मी त्याचा गुडघा बघत होते.

त्या संध्याकाळी पत्रकारांनी मॅनेजरला विचारलं, त्याला काही दुखापत आहे का? आणि तो माणूस, ज्याच्या डोळ्यांसमोर पाच वेळा सुई गेली होती, तो म्हणाला, “शरीर ठणठणीत आहे. मेडिकल टीमने त्याला फिट ठरवलंय. तुम्ही त्याच्या भुकेबद्दल विचारा. हाम्ब्रे. ती कुठे गेली ते त्यालाच माहीत.”

‘हाम्ब्रे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये भूक. मुद्दाम त्याच्या भाषेतला शब्द वापरला, ऐट म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच शब्द स्पेनच्या सगळ्या पेपरांत मथळा झाला. इथे लोकांनी त्याच्या गाण्याचे शब्द बदलले. ज्यांनी त्याचं नाव पाठीवर घेतलं होतं तेच ‘आळशी’ ओरडायला लागले. क्लबने त्यातलं एकही वाक्य खोडून काढलं नाही. आन्सेल्मोही बोलला नाही. करारात तसं होतं, आणि शिवाय त्याला वाटायचं की हो म्हणणारा तर मीच होतो.

आणि मी? मी बोलू शकत नव्हते. मंडळाच्या दिवाळी पार्टीत शिरीष हातात प्लेट घेऊन म्हणाले, “वहिनी, तुम्ही जवळून बघता. पैसा मिळाला की ही मुलं सुस्तावतात, नाही?” मी म्हटलं, “मी पेशंटबद्दल बोलत नाही.” त्यांनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला. विनायकने, माझ्या नवऱ्याने, माझा हात धरून मला दुसऱ्या टेबलाकडे नेलं. माझ्या हातात गरम बटाटेवड्यांची डिश होती आणि तिचं काय होईल याचा त्याला अंदाज आला होता.

आन्सेल्मोला विकून टाकलं. अजून दोन क्लब, मग एकतिसाव्या वर्षी खेळ बंद. तो गावी परतला आणि तिथल्या मुलींच्या टीमला शिकवायला लागला. आमच्या क्लबच्या अकॅडमीत आजही पोरांना त्याच्या थांबण्याचे व्हिडिओ दाखवून शिकवतात. त्याला ‘स्पॅनिश स्टॉप’ म्हणतात. शिकवण्यापुरता तो चालतो. भिंतीवर फोटो मात्र नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा मला मेसेज आला. गुडघा आता जिने उतरू देत नव्हता. गुडघा बदलायचा की अजून थांबायचं हे ठरवायला तिथल्या सर्जनला जुनी कागदपत्रं हवी होती, म्हणून आन्सेल्मोने क्लबकडून आपली फाइल मागवली. पेशंटला तो हक्क असतो. मेसेजमध्ये एका पानाचा फोटो होता आणि खाली एक ओळ. ‘वृन, हे तू लिहिलंस?’

त्या शुक्रवारचा तक्ता. ‘फिजिओ: खेळण्यास योग्य.’ खाली आद्याक्षरं, व्ही आणि डी, इंग्रजीत.

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. विनायक चहा घेऊन आला आणि माझा चेहरा बघून चहा खाली ठेवून दिला. मला आधी राग आला नाही. आधी भीती वाटली, की हा माणूस अकरा वर्षं मला आपला माणूस समजत होता आणि आता त्याला वाटतंय की मीच सही केली.

मग मी आद्याक्षरं पुन्हा पाहिली. मी आयुष्यात कधीही इंग्रजीत सही केलेली नाही. नागपूरच्या कॉलेजपासून माझी सही देवनागरीत आहे. ग्लासगोच्या वॉर्डात सिस्टर माझी त्यावरून चेष्टा करायची. क्लबात सगळ्या तक्त्यांवर मी ‘वृंदा’ असंच लिहायचे. ज्याने तो कागद पुन्हा लिहिला त्याला ती दोन अक्षरं गिरवता आली नसणार. म्हणून त्याने सरळ इंग्रजीत लिहून टाकलं. कोण बघतंय!

मी आन्सेल्मोला फोन केला आणि हे सांगितलं.  तो म्हणाला, “मला विचारायची लाज वाटत होती. पण विचारलं ते बरं झालं.”

मी क्लबला लिहिलं. उत्तर आलं, ‘नोंदी ठेवण्यातील विसंगती.’ मी आमच्या व्यवसायाच्या नोंदणी संस्थेकडे गेले, त्या वर्षातले माझ्या सहीचे जितके कागद माझ्याकडे होते तितके घेऊन. त्यांनी सात महिने घेतले. निष्कर्ष: नोंद माझ्या हाताची नाही. कोणाच्या हाताची, ते ठरवता येत नाही. डॉक्टर तोपर्यंत निवृत्त होऊन नोंदणीतून बाहेर पडला होता, त्यामुळे त्याला विचारायचा अधिकार कोणाला उरला नव्हता. मॅनेजर टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसतो. म्हणजे एका माणसाचा गुडघा गेला, नाव गेलं, कागद बदलला गेला, आणि या सगळ्यात दोषी कोणीच नाही. मला सांगितलं गेलं की माझी तक्रार ‘अंशतः मान्य’ झाली आहे. कुठला अंश, ते मी अजून शोधते आहे.

यानंतर काही महिन्यांनी क्लबने आपल्या इतिहासावर एक फिल्म करायला घेतली. गेमा नावाची मुलगी माझी मुलाखत घ्यायला हॅरोला घरी आली. गोड मुलगी. मी आन्सेल्मोला विचारलं, तो म्हणाला, बोल. मी कॅमेऱ्यासमोर चाळीस मिनिटं सगळं सांगितलं. टेप, सुई, तक्ता, सही, आणि मी स्वतः काय बोलले तेही. गेमाचे डोळे भरले होते. जाताना म्हणाली, “हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे.”

फिल्म या वर्षी मे महिन्यात क्लबच्या वरच्या हॉलमध्ये दाखवली, रविवारी दुपारी. जुने खेळाडू बोलावले होते. आन्सेल्मोही आला, आणि बरोबर त्याचे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे, बुटके, कोट घट्ट बटणं लावलेला. ते पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. जिन्यापाशी आन्सेल्मोने मला हळूच सांगितलं, “त्यांना काही माहीत नाही. त्यांनी तेव्हा पेपरात वाचलं. ‘भूक गेली’ हे. फोन बंद केले माझे. दोन वर्षं बोलले नाहीत. मी कधी सांगितलं नाही, कारण मग सांगावं लागलं असतं की मी सुई घ्यायला हो म्हटलं.”

“आणि आज?”

“आज फिल्ममध्ये तू सांगशील. तुझ्याकडून ऐकू दे त्यांना.”

मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले. फिल्ममध्ये आन्सेल्मोचे गोल आले, हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आन्सेल्मो वडिलांच्या कानात स्पॅनिशमध्ये सांगत होता. मग मी आले. हसत म्हणत होते, “तो मराठीत ‘चला’ म्हणायला शिकला होता!” लोक हसले. आणि मी गेले. चाळीस मिनिटांतलं एवढंच. त्यानंतर लगेच मॅनेजर पडद्यावर. पांढरे केस, आरामखुर्ची. “ग्रेट टॅलेंट. पण अखेरीस हाम्ब्रे संपली. फार वाईट वाटतं.”

आन्सेल्मोचं कानातलं बोलणं थांबलं. भाषांतराची गरजही नव्हती. तो शब्द त्या म्हाताऱ्याला कळला होता. त्यांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मी उभी राहिले. “थांबवा ही फिल्म.”

अंधारात कोणीतरी म्हणालं, “प्रश्न शेवटी घेऊ, मॅडम.”

“प्रश्न नाही, दुरुस्ती आहे.”

दिवे लागले. गेमा भिंतीशी उभी होती, तिने चेहरा वळवला. मी मोठ्या आवाजात, इंग्रजीत, सगळ्या हॉलला सांगितलं की या माणसाचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात बधिर करून त्याला खेळवलं, ते पाच वेळा केलं, मी दर वेळी ‘अयोग्य’ लिहिलं आणि माझा कागद बदलला गेला. क्लबचे एक गृहस्थ माझ्या कोपराशी येऊन उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, “हात लावायचा नाही.” शिरीष तिकडे मागे होते, सीझन तिकीटवाल्यांच्या सोडतीत त्यांना पास मिळाला होता. त्यांनी बसल्या जागी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

मग मी पुढे जाऊन म्हाताऱ्यांसमोर खाली बसले. माझी स्पॅनिश टेबलावरची. व्याकरण नाही. मी आन्सेल्मोच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, “सूज. खूप. सुई. दुखणं नाही. नंतर हाड, हाड.” दोन मुठी एकमेकींवर घासून दाखवल्या. “भूक होती. गुडघा नाही.”

त्यांनी माझ्या मुठींकडे पाहिलं. मग मुलाला खूण केली. आन्सेल्मोने पँट वर सारली. म्हाताऱ्यांनी आपला तळवा त्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याला पाय वाकवायला लावला. साल काढून काढून राठ झालेला तो हात. आतली करकर त्या हाताला लागली असणार, कारण मला ती शेजारून ऐकू आली.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. आन्सेल्मोने तो इंग्रजीत आणायला वेळ लावला.

“ते विचारतायत, तुला माहीत होतं, तर तू मला थांबवलं का नाहीस?”

तिथे मॅनेजर नव्हता, डॉक्टर नव्हता. ज्यांच्यावर मी इतकी वर्षं चिडले होते त्यांच्यापैकी उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. मी म्हटलं, “मी लिहिलं. पण याने मला विचारलं तेव्हा तोंडाने बोलले नाही. मला नोकरी जाण्याची भीती वाटली.”

आन्सेल्मोने ते सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. “ठीक आहे,” असं ते म्हणाले नाहीत, आणि त्यांनी म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. ते मुलाकडे वळले. “आणि तू? मला का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि कोट ओढून उठले. क्लबचे गृहस्थ लिफ्ट दाखवायला धावले. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जिन्याच्या तोंडाशी ते मुलाच्या डाव्या बाजूला गेले, त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला आणि काहीतरी म्हणाले. ते मला कळलं, कारण ते शब्द टेबलावरचेच होते. “टाक भार. अजून. अजून थोडा.”

प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत दोघं खाली उतरत गेले. वर हॉलमधले दिवे पुन्हा बंद झाले होते, फिल्म सुरू झाली होती, आणि लोक त्याच्या कुठल्याशा जुन्या गोलला टाळ्या वाजवत होते.